मी न घेतलेलं नाव

आधीच सांगून ठेवते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. करणी, बाहेरचं, अंगात येणं... याच्या बातम्या मी स्वतः कॅमेऱ्यासमोर गंभीर चेहऱ्यानं वाचल्यात आणि कॅमेरा बंद झाल्यावर पोट धरून हसलेय. या ग्रुपवरचे अनुभव वाचूनही हसलेय, खोटं कशाला बोलू? "रिकामटेकडे लोक" असं म्हणून फोन बाजूला ठेवणाऱ्यांतली मी. त्यामुळे खाली येऊन "ताई, झोप नीट घ्या", "शुगर तपासा" असलं काही लिहू नका. शुगर तपासलीय. कान तपासलेत. औरंगाबादला जाऊन डोकंही तपासून आलेय, फाइल घरी आहे, सगळं नॉर्मल.

नाव सांगत नाही. बीड जिल्ह्यातले असाल आणि वय चाळीसच्या पुढं असेल तर माझा आवाज तुम्ही ऐकलाय. ओळखलंत तरी गप्प बसा, एवढी मेहेरबानी करा.

सत्तावीस वर्षं मी बोलून जगतेय. सुरुवात मराठवाड्यातल्या एका रेडिओ केंद्रावर, नैमित्तिक निवेदक म्हणून. शनिवारी बीडहून एसटीनं जायचं, मैत्रिणीकडे मुक्काम, रविवारी दुपारी फर्माईशीचा कार्यक्रम करून परत. त्यानंतर बीडमधलं केबल चॅनल आलं, तिथं जिल्ह्याच्या बातम्या. आणि या सगळ्याबरोबर सूत्रसंचालन. सत्कार, उद्घाटनं, वाढदिवस, व्याख्यानमाला... आठ वर्षांपूर्वी थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि आवाज खाली उतरला, थोडा घोगरा झाला. लोक म्हणाले, आता ही संपली. संपले नाही. उलट साहेब लोकांना तो आवाज भारदस्त वाटायला लागला.

आमच्याकडे सूत्रसंचालन म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. कविता म्हणणं, टाळ्या घेणं हे दुय्यम. खरं काम नावं घेण्याचं. कुणाचं आधी, कुणाचं नंतर, कुणाला "मा.", कुणाला "कार्यसम्राट". कार्यक्रम चालू असताना खालून चिठ्ठ्या येत राहतात, "अमुक आण्णा आलेत, नाव घ्या." एखादं राहिलं तर माणूस खुर्ची आपटून निघून जातो, आणि त्याची माणसं पार्किंगमध्ये तुमची वाट बघत थांबतात. मी हे सगळं केलंय. प्रत्येक नाव घेतलं की लाल पेनानं टिक करायची, ही माझी सवय. म्हणून माझ्याकडून कधी नाव राहिलं नाही, अशी माझी ख्याती होती.

आता मुद्द्यावर येते.

गेल्या वर्षीची गोष्ट. मांजरसुंब्याला हायवेवर ढाब्यांची रांग संपते, तिथून पुढं एक मंगल कार्यालय आहे. सकाळचे साडेअकरा. आमच्या भागातल्या एका साहेबांचा सत्कार, चॅनलवर आणि फेसबुकवर लाइव्ह. मंचावर चौदा जण. मी चौदा नावं घेतली, चौदा वेळा टिक केली. कार्यक्रम छान झाला. जेवायला बसले तर बप्पांचा फोन. बप्पा म्हणजे आमच्या चॅनलचे मालक, सगळं बीड त्यांना बप्पाच म्हणतं.

"मॅडम, ही कौसाबाई कोण वो?"

"कोण कौसाबाई?"

"साहेबांच्या नंतर अन् सभापतींच्या आधी तुमी जिचं नाव घेतलं ती. सभापती माझ्यावर फोनवर उखडलेत. मला म्हणतेत, बाई कोणत्या गटाची हाय?"

मला वाटलं, बप्पांनी सकाळीच कुणाचं तरी ऐकून डोकं गरम करून घेतलंय. मी मंडपातच दोघातिघांना विचारलं. साडी नेसलेल्या एक बाई म्हणाल्या, "घेतलं की तुम्ही. कौसाबाई आश्रुबा. पुढं गावाचं नावही सांगितलं." मी म्हटलं, तुम्हाला कुणी शिकवलं असं बोलायला? त्या बिचाऱ्या ताट घेऊन दुसऱ्या रांगेत जाऊन बसल्या.

दुपारी चॅनलच्या ऑफिसात रेकॉर्डिंग बघितलं. साहेबांचं नाव, टाळ्या, आणि लगेच... "कौसाबाई आश्रुबा." मग धारूर तालुक्यातल्या एका गावाचं नाव, ते मी इथं लिहीत नाही. कॅमेरा माझ्यावर होता. माझे ओठ हललेले स्वच्छ दिसत होते. हात मात्र हलला नव्हता, टिक केली नव्हती.

मी सलीमभाईंवर तुटून पडले. सलीमभाई आमचे कॅमेरा आणि एडिटिंग बघतात, साठीला आलेले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी त्यांना नको नको ते बोलले. कुणाकडून काय घेतलंत, माझी इतक्या वर्षांची अब्रू अशी बाजारात मांडता का... सलीमभाई हेडफोन माझ्याकडे सरकवून म्हणाले, "मॅडम, डोळे बंद करके सुनो. ये आवाज तुमारीच है. पर आजकी नै. रेडिओ के टाइम की है."

मी ऐकलं. मागं नेऊन परत ऐकलं.

ऑपरेशनच्या आधीचा माझा आवाज होता तो. बारीक, स्वच्छ, थोडा लाडीक. साहेबांचं नाव घोगऱ्या आवाजात, मधलं हे नाव त्या आवाजात, सभापतींचं परत घोगऱ्या. तो आवाज माझ्या गळ्यातून आता निघूच शकत नाही. डॉक्टरांनी लेखी दिलंय तसं. तरी मी सलीमभाईंची माफी मागितली नाही. म्हटलं, जुन्या टेपमधून उचललं असेल. ते म्हणाले, "लाइव्ह था मॅडम. लाइव्ह में कैसा डालेंगे?" आणि चहा प्यायला निघून गेले. त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलायचे.

दुसऱ्यांदा स्टुडिओत झालं. सकाळच्या बातम्या, खोलीत फक्त मी, सलीमभाई आणि बप्पा. बप्पा मुद्दाम येऊन बसले होते, मला तपासायला. पाणीटंचाई, शिरूर कासारचा रस्ता, माजलगावचा एक अपघात. मधेच बप्पांनी हात वर केला. "थांबा. आत्ता घेतलं तुमी."

"नाही घेतलं!"

"मॅडम, मी तुमच्यापासून चार फुटांवर बसलोय. बहिरा न्हाई मी."

"मग खोटारडे आहात!" असं मी मालकाला बोलले. कानातला इयरफोन काढून टेबलावर फेकला. सलीमभाईंनी रेकॉर्डिंग मागं नेऊन लावलं... अपघातातल्या जखमींची नावं मी वाचतेय, तीन जण, आणि चौथं, त्या बारीक गोड आवाजात, कौसाबाई आश्रुबा.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? एक जादा नाव. अहो, माझं सगळं आयुष्य तोंडावर उभं आहे. नवरा नाही, मुलगी सासरी, शेती नाही. माईक काढून घेतला तर मी गल्लीतली एक चिडकी बाई उरते. आणि माझ्या तोंडातून काय बाहेर पडतंय हे मलाच कळत नसेल, तर मला माईक देणार कोण? मला भुताची भीती वाटत नव्हती. माईक जाण्याची वाटत होती. रोज सकाळी उठून मी आरशासमोर बातम्या वाचायचे आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकायचे. घरात कधीच काही निघालं नाही. चार माणसं समोर आली की निघायचं.

बप्पांनी शेवटची संधी दिली. धारूरला कार्यक्रम, तेच साहेब, लाइव्ह. "एकही नाव इकडचं तिकडं झालं तर मी तुमाला वाचवू शकत न्हाई," असं स्पष्ट सांगितलं.

त्या दिवशी मी एक युक्ती केली. प्रत्येक नाव झालं की तोंड घट्ट मिटायचं आणि डावा हात गळ्यावर ठेवायचा. लोकांना वाटलं असेल, बाईचा घसा बसलाय. सहा नावं नीट झाली. सातवं साहेबांचं. घेतलं, तोंड मिटलं, हात गळ्यावर ठेवला... आणि हाताखाली गळा थरथरला. माझ्या कानांना काहीही ऐकू आलं नाही, मला बोलल्याचं जाणवलं नाही, पण बोटांना कळलं. आतून कुणीतरी बोलत होतं. समोरच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. साहेबांच्या पीएनं मंचावर चढून, सगळ्यांसमोर, माझ्या हातातून माईक काढून घेतला. "ताई, बसा तुम्ही." सत्तावीस वर्षांत माझ्या हातातून कुणी माईक घेतला नव्हता. मी खाली उतरताना कुणीतरी मोठ्यानं हसलं.

बप्पांनी घरी बसायला सांगितलं. "काही दिवस" म्हणाले, पण दुसऱ्याच दिवशी पडद्यावर दुसरी मुलगी होती.

मी संतापले होते. कुणावर, ते कळत नव्हतं, म्हणून त्या बाईवर संतापले. कोण ही कौसाबाई? धारूरच्या व्हिडिओखाली शिव्यांच्या गर्दीत एक कॉमेंट सापडली. "हे नाव आमच्या गावच्या बाईचं हाय. वारून लई वर्ष झाले. भाऊ हाय, महादेव." बस्स. दुसऱ्या दिवशी स्कूटी काढली आणि गेले. मनात पक्कं होतं की हा भाऊच काहीतरी करतोय. देवऋषी गाठला असेल, काही पुरलं असेल... बघा, विश्वास नसलेली मी कुठवर पोचले होते.

धारूरच्या घाटाखालचं गाव. दुपारचे दोन, कडक ऊन. दिवाळी होऊन गेलेली, निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, घरांना कुलपं. महादेव अंगणात दोऱ्या वळत बसला होता. पंचावन्नच्या आसपासचा, वाळका माणूस. मी माझं नाव सांगितलं. त्यानं दोरी खाली ठेवली, माझ्याकडे नीट बघितलं, आणि म्हणाला, "आवाज बदलला तुमचा."

बस म्हणाला नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही. खेड्यात दारी आलेल्याला पाणी न विचारणं म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही.

मी उभ्यानंच सुरू केलं. तुमच्या बहिणीच्या नावानं माझी बदनामी चाललीय, तुम्ही काय केलंय ते बऱ्या बोलानं सांगा, नाहीतर पोलिसांत जाईन. मोबाइल काढून मांजरसुंब्याचा तो तुकडा लावला. बहिणीचं नाव आलं तसा तो ताठ झाला.

"अजून एकदा लावा."

लावला.

"अजून."

तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्यानं तोंड फिरवलं. तसाच, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तवा इतकंच पाहिजे हुतं आमाला. एवढंच."

"तेव्हा म्हणजे केव्हा?"

मग त्यानं सांगितलं. त्याच्या बोलण्यात रागाचा चढउतार नव्हता, म्हणून जास्त लागत होतं.

कौसा त्याची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, आणि ती गावच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जायला लागली. टोळीत अकरा जोड्या, नवराबायको मिळून एक कोयता. बारावी ही, एकटी, अर्धा कोयता. मुकादम कडक. उसाच्या फडातून कुणी घरी चिठ्ठी धाडली की त्याला वाटायचं, माणूस पळायच्या बेतात हाय. आजारी पडलं तरी घरी कळू द्यायचा नाही. गावात तेव्हा फोन नव्हता. टोळीतला लिंबाजी सातवी शिकलेला. त्यानं युक्ती काढली. रेडिओला गाण्याची फर्माईश पाठवायची, खाली टोळीची नावं. मुकादमाला त्यात काय वावगं दिसणार, उलट तो खूश. गावात मारुतीच्या पारावर रविवारी सगळे रेडिओभोवती बसायचे. नाव आलं, माणूस बरा. नाव आलं नाही, तर काहीतरी झालंय, घरच्यांनी निघायचं. एका कार्डात बारा घरांची खुशाली.

"अन् कार्यक्रम तुमचा," तो म्हणाला.

मला सगळं आठवलं. ती कार्डं आठवली! हिरव्या शाईची, गिचमिड अक्षराची, निम्मं कार्ड नुसत्या नावांनी भरलेलं. गाणं साडेतीन मिनिटांचं आणि नावं दोन मिनिटांची. आम्ही सगळेच निवेदक कापायचो. मी अकरावर थांबायचे आणि पुढं एक ठरलेलं वाक्य टाकायचे, "आणि इतर मित्रमंडळी". अकराच का, तर एका दमात अकरा बसायची. शेवटचं नाव कुणाचं आहे, हे मी कधी बघितलंही नाही.

"हजेरीत ती बारावी," महादेव म्हणाला. "एकटी बाई, नंबर शेवटचा. पयल्या रविवारी नाव आलं न्हाई. आई रडायला लागली. मी एसटीनं गेलतो, दीड दिवस लागला. बघतो तर ती मोळ्या बांधाय लागलेली, ठणठणीत. मला म्हणली, दादा, तू कावून आलास? मग मीच लिंबाजीला सांगितलं, रेडिओवाली गाळती. त्यानं पुढच्या कार्डावर तांबड्या शाईनं लिहिलं."

"कृपया सर्व नावे पूर्ण वाचावीत." खाली दोन रेघा. तेही मला आठवलं. आणि हेही आठवलं, की ते वाचून माझं टाळकं सरकलं होतं. आता हे ऊसतोडे मला शिकवणार, कसं वाचायचं? मुद्दाम कापलं मी. त्या दिवशी वेळ होता हातात. लिहायला लाज वाटते, पण लिहिते, वेळ होता आणि मी मुद्दाम कापलं.

"दुसऱ्या रविवारी बी न्हाई आलं," तो सांगत होता. "मी आईला म्हणलं, रडू नको, बाईची खोडच हाय ती. तिसऱ्या रविवारी कौसाला ताप हुता. आठ दिवसांचा. मुकादम सोडंना. लिंबाजीनं कार्डावर अकराच नावं लिहिली. मुद्दाम. म्हंजी आमी निघावं. तुमी अकरा वाचली, अन्..."

मग तो बारीक, लाडीक आवाजात, माझ्या तेव्हाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करत म्हणाला, "आणि इतर मित्रमंडळी."

त्या कार्डावर इतर कुणी नव्हतंच! मी सवयीनं म्हणून टाकलं होतं.

"आमी म्हणलं, हाय ती. इतरात हाय. बसलो घरी. बुधवारी गेली."

मी काय बोलले असेन? रडले असेन असं वाटतंय ना तुम्हाला? मी भांडले. मला कसं कळणार होतं, कार्डावर लिहायचं होतं ना की यात जिवाचा प्रश्न आहे, मुकादमाला जाऊन विचारा, मलाच कशाला... तो एवढंच म्हणाला, "तांबड्या शाईनं लिवलं हुतं, म्याडम."

 मी तिथंच ओट्याच्या कडेला टेकले. विचारलं, इतक्या वर्षांनी आता का? तो म्हणाला, त्याला काय माहीत. त्यानं काही केलं नव्हतं. गेल्या पोळ्याच्या आसपास आई गेली, एवढंच सांगितलं. मी मनात हिशेब केला, मांजरसुंब्याचा कार्यक्रम त्यानंतरचा होता. त्यात काही अर्थ आहे की नाही, मला ठाऊक नाही.

मी म्हटलं, "मी काय करू? सांगा. माफी मागू?"

"माफी नको. तुमच्या तोंडानं वाचा. हितं. पुरी यादी. मला ऐकू द्या एकदा."

तो उभा राहिला. मीही उभी राहिले, पदर खोचला, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू केलं, कारण आता माझा स्वतःवर भरवसा उरला नव्हता. तो एकेक नाव सांगायचा, मी मागून म्हणायचे. लिंबाजी. भागवत. दोन ज्ञानोबा, थोरला आणि धाकटा. बाबासाहेब... इतक्या वर्षांनी त्याला हजेरीचा क्रम पाठ होता. त्यातले निम्मे आता नाहीत, तेही तो सांगत होता. अकरा झाली. बारावं त्यानं सांगितलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत थांबला.

मी श्वास घेतला आणि नाव घेतलं. सावकाश. पूर्ण. कौसाबाई आश्रुबा. मी ते घेतलं, शपथेवर सांगते. माझ्या जिभेला ते नाव कळलं, कानांनी ऐकलं, छाती मोकळी झाल्यासारखी वाटली.

महादेवचा चेहरा काळाठिक्कर पडला. बाजूला थुंकला. त्यानं दोरी उचलली, घरात गेला, आणि आतून कडी लावली. मी हाक मारली, "अहो, महादेवभाऊ!" आतून आवाज आला, "निघा. परत पाय ठेवला तर बघा."

माझं डोकंच फिरलं. एवढं ऊन तुडवत आले, ऐकून घेतलं, त्याच्या अंगणात उभं राहून सगळी यादी वाचली, आणि वर हा माज? बडबडत गाडी काढली. घाट चढताना वळणावर एक लिंबाचं झाड आहे, तिथं थांबले. वाटलं, ऐकावं तरी, आपण काय वाईट म्हटलं.

अकरा नावं माझ्या घोगऱ्या आवाजात आहेत. मागं कोंबडीचं ओरडणं आहे, महादेवचं सांगणं आहे, सगळं जसंच्या तसं. मग माझा श्वास. आणि मग तो बारीक, गोड, लाडीक आवाज...

"आणि इतर मित्रमंडळी."

मी तशीच मागं फिरले. दार वाजवलं, दोन्ही हात दारावर आपटले. ओरडून नाव घेतलं. पाच वेळा, दहा वेळा, घसा फाटेपर्यंत. कडी निघाली नाही. शेजारची एक म्हातारी बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून बघत राहिली. तिला म्हटलं, मावशी, तुम्ही तरी ऐका, मी कौसाबाईचं नाव घेतेय ना? ती म्हणाली, "कावून छळती गं बाई त्याला? नाव घेत न्हाईस, काही न्हाईस. नुसतं मित्रमंडळी, मित्रमंडळी लावलंय."

या गोष्टीला चार महिने झाले. मी चॅनलवर परत गेले नाही. बप्पांनी बोलावलं होतं, कारण ते जादा नाव आता येत नाही. मी स्टुडिओत एक चाचणी दिली, अगदी स्वच्छ झाली. सलीमभाई म्हणाले, "अब सब ठीक है मॅडम." त्यांची माफी मागितली मी, तेवढं एक काम झालं. पण माईक घेतला नाही. माईक हातात घेऊन काय करू? ते एक नाव सोडून जगातलं कुठलंही नाव मला घेता येतं. डॉक्टर म्हणतात, ताण. सलीमभाई म्हणतात, दुवा मांगो. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. तुमच्याकडे असेल तर ठेवा तुमच्यापाशी, मला नकोय.

मला फक्त एक सांगा. म्हणूनच हे सगळं लिहिलंय, एरवी या ग्रुपवर मी पाऊल ठेवलं नसतं. ते नाव तोंडातून येत नाही म्हटल्यावर वाटलं, लिहून बघावं. वर मी त्या बाईचं नाव पूर्ण लिहिलंय, एकदा नाही, बऱ्याच वेळा. माझ्या स्क्रीनवर ते दिसतंय. तुम्हाला काय दिसतंय, ते खाली जसंच्या तसं टाइप करा.